डिंकाने चिकटवलेला ठेवा

अमेरिकेतील ओहायो राज्यात डिफायन्स नावाचे एक लहानसे गाव आहे. २०१२ च्या फेब्रुवारी महिन्यात तेथील एका जुन्या घराची आवराआवर चालली होती. त्या घरात राहणाऱ्या वृद्धेने मृत्युपत्रान्वये आपली मालमत्ता वीस भाचे-पुतण्यांच्या नावे ठेवली होती आणि त्यांपैकी काही जण माळा रिकामा करीत होते. एका लाकडी बाहुलीघराखाली काजळीने माखलेले हिरवे पुठ्ठ्याचे खोके निघाले. आत सुतळीने बांधलेल्या गड्ड्या होत्या. बेसबॉल खेळाडूंची, पत्त्यांच्या पानाहूनही लहान अशी ती कार्डे; संख्येने सुमारे सातशे. कोणालाच त्यात विशेष काही वाटले नाही. खोके बाजूला ठेवून मंडळी पुढच्या कामाला लागली आणि ते पंधरवडाभर तसेच पडून राहिले.

ही कार्डे १९१० च्या आसपासची होती. त्या काळी मिठाईच्या कंपन्या गोळ्यांबरोबर अशी चित्रे देत. या भावंडांच्या आजोबांचे गावात दुकान होते; गिऱ्हाइकांच्या मुलांना वाटून उरलेली चित्रे त्यांनी बांधून माळ्यावर टाकली असावीत. ती पुढे शंभर वर्षे कोणी हाताळली नाहीत, म्हणून छपाईच्या दिवशी असावीत तशीच कोरी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांतील अवघ्या ३७ कार्डांचा लिलाव झाला आणि साडेपाच लाख डॉलरहून अधिक रक्कम आली.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. खोके ज्यांच्या हाती लागले ते गप्प राहू शकले असते. माळ्यावरच्या अडगळीची यादी कोणाकडेही नव्हती. तरीही त्यांनी सर्व भावंडांना कळविले आणि वीसही जणांत समान वाटणी ठरली. वडिलोपार्जित दुकानाची वाटणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना लिलावाच्या आकड्यापेक्षा हीच बातमी मोठी वाटेल.

जाणकारांनी त्या कार्डांकडे पाहताच त्यांचा प्रकार सांगितला : 'ई-९८'. हे नाव कंपनीचे नव्हे. ते जेफरसन बर्डिक नावाच्या एका कारखान्यातील कामगाराने दिलेले आहे. चित्रकार्डांच्या जगात आज कोट्यवधी रुपयांचे व्यवहार होतात, ते सारे त्याने घालून दिलेल्या खुणांवर चालतात. त्याच्याकडे वळण्यापूर्वी ही चित्रे मुळात आली कोठून, हे पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांत मिळत. पाकीट खिशात चुरगळू नये म्हणून त्यात एक जाड पुठ्ठा घालीत. कोरा पुठ्ठा घालण्याऐवजी त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक बांधून ठेवता येते, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. नट्या, पक्षी, देशोदेशीचे ध्वज, आणि बेसबॉलचे खेळाडू. १८९० मध्ये मोठमोठ्या तंबाखू कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन 'अमेरिकन टोबॅको कंपनी' उभी राहिली. स्पर्धा संपली, तशी काही वर्षांत चित्रेही संपली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीती नसेल तर त्याला खूश कोण ठेवतो? पुढे १९०९ च्या सुमारास ती पुन्हा आली. त्या मालिकेला आज 'टी-२०६' म्हणतात. हेही नाव बर्डिकचेच. 'टी' म्हणजे टोबॅको.

तंबाखू मोठ्यांसाठी होती, पण चित्रे मुलांना हवी असत. शाळा सुटल्यावर मुले तंबाखूच्या दुकानाबाहेर घोळका करून उभी राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गृहस्थाकडे पाकिटातले चित्र मागत. व्यसनाचा मार्ग लहानपणाच्या कुतूहलातून जावा, ही योजना कोणी मुद्दाम आखली की ती आपोआप घडली, हे ठरविण्याचे कारण नाही. परिणाम दोन्ही परींनी तोच.

या मालिकेत होनस वॅग्नर या पिट्सबर्गच्या विख्यात खेळाडूचे चित्र होते. थोड्या प्रती बाहेर पडल्या आणि छपाई थांबली, कारण वॅग्नरने परवानगी नाकारली होती. आपले चित्र मिळविण्यासाठी मुलांनी सिगारेट विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे परंपरेने सांगितले जाते. तो स्वतः तंबाखू चघळीत असे, म्हणून या कथेवर काहींचा विश्वास बसत नाही. त्याला पैसे हवे होते, असे ते म्हणतात. तथापि १९१२ मध्ये एका क्रीडा-साप्ताहिकाने दिलेला वृत्तांत वेगळे सांगतो. परवानगी मिळवून देण्याबद्दल एका पत्रकाराला कंपनीकडून दहा डॉलर मिळावयाचे होते. वॅग्नरने नकार कळविला आणि त्या पत्रकाराचे नुकसान होऊ नये म्हणून सोबत दहा डॉलरचा धनादेश जोडला. पैशासाठी अडून बसणारा मनुष्य असा धनादेश पाठवीत नाही. स्वतःचे व्यसन न सुटलेल्या माणसालाही मुलांना त्यापासून दूर ठेवावेसे वाटू शकते; अशी माणसे आपल्या घराघरांत असतात.

तंबाखूनंतर मिठाई आली आणि मिठाईनंतर चघळण्याचा गोंद, म्हणजे च्युइंगगम. १९३३ साली, मंदीच्या ऐन काळात, बोस्टनच्या गौडी कंपनीने एका सेंटला एक गम आणि त्यासोबत एक चित्र अशी योजना काढली. मालिकेतील चित्रांना २४० पर्यंत क्रमांक होते. मुले एकेक सेंट जमवून चित्रे गोळा करीत राहिली, पण १०६ क्रमांकाचे चित्र कोणालाच मिळेना. मिळणार तरी कसे? ते छापलेच नव्हते. एक घर रिकामे ठेवले की मूल ते भरण्यासाठी खरेदी करीतच राहते. ज्यांनी कंपनीला पत्र लिहून तक्रार केली, त्यांना पुढच्या वर्षी नॅप लाजवे या निवृत्त खेळाडूचे १०६ क्रमांकाचे चित्र टपालाने पाठविण्यात आले. ज्यांनी लिहिले नाही, ती मुले तशीच राहिली. मापात पाप न करणाऱ्या व्यापाऱ्याने या घटनेला काय म्हणावे? माल पुरा दिला, वजन चोख दिले, फक्त एक आशा खोटी विकली. आज ते एक चित्र त्या मालिकेतील सर्वांत महाग चित्रांपैकी एक आहे, आणि याचे श्रेय त्या लबाडीला आहे.

अमेरिकेतील वृद्ध पिढी ज्या काळाच्या आठवणीने हळवी होते, तो काळ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ब्रुकलिन येथील टॉप्स कंपनीत साय बर्गर नावाचा एक तरुण कामाला होता. १९५२ च्या मालिकेची मांडणी त्याने आपल्या घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून केली. पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, त्याची सही, संघाचे चिन्ह. मागे त्याची संक्षिप्त माहिती आणि धावांचे आकडे. पाच सेंटच्या मेणकागदी पाकिटात कार्डे आणि गुलाबी गमचा एक पातळ तुकडा. दूरदर्शन संच अजून घरोघरी पोहोचले नव्हते. आवडता खेळाडू दिसतो कसा, हे कित्येक मुलांना या कार्डावरूनच कळले. कित्येक जण मागचे आकडे वाचता वाचता सरासरी काढावयास शिकले.

त्या मुलांनी कार्डे जपली नाहीत, ती वापरली. भिंतीच्या दिशेने फेकून ज्याचे कार्ड भिंतीच्या अधिक जवळ पडेल त्याने दुसऱ्याचे घ्यावयाचे, असा खेळ असे. नावडत्या संघाचे कार्ड कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाशी अडकवीत. आऱ्यांवर आपटून त्याचा मोटारसायकलीसारखा आवाज येई. उरलेली रबराने बांधून बुटांच्या खोक्यात. आणि अदलाबदल! दोन साध्या खेळाडूंच्या बदल्यात एक नामांकित, वर काचेची गोटी. शाळेच्या पटांगणात चालणाऱ्या त्या घासाघिशीला बाजारपेठेचे सर्व नियम लागू होते. टंचाई, पत, शब्द पाळणे, फसवणूक झाल्यास बहिष्कार. महाराष्ट्रातही १९८७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास बबलगमच्या वेष्टनात खेळाडूंची चित्रे आणि धावा येऊ लागल्या होत्या, आणि त्यापूर्वी काडेपेटीचे छाप जमविणारी पोरे गल्लोगल्ली होती. दप्तराच्या तळाशी दडवलेली ती संपत्ती ज्यांनी एकदा तरी मोजली आहे, त्यांना ब्रुकलिनच्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही.

मुलगा मोठा होई, शिक्षणासाठी किंवा सैन्यात जाई आणि मागे आई खोली झाडून काढी. 'आईने माझी कार्डे फेकून दिली' हे वाक्य अमेरिकेतील एका संपूर्ण पिढीच्या तोंडी आहे. दिवाळीच्या आवराआवरीत हीच तक्रार आपल्याही घरांत ऐकू येते. आईचा अपराध खरा, पण बाजाराच्या दृष्टीने पाहता त्या हजारो मातांनीच उरलेल्या कार्डांचे भाव चढविले. कंपनीनेही त्यास हातभार लावला. १९५२ च्या मालिकेतील शेवटचा भाग हंगाम संपता संपता बाजारात आला आणि पडून राहिला. बर्गरने तो स्वस्तात विकून पाहिला, कोणी घेतला नाही. गोदाम अडले होते. अखेर १९६० मध्ये खोकीच्या खोकी एका तराफ्यावर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडविण्यात आली. त्यात ३११ क्रमांकाची, मिकी मँटल या खेळाडूची कार्डेही होती. हिशेबाच्या वहीत हा निकाल चुकीचा ठरत नाही. पडीक मालाला भाडे लागतेच.

याच मँटलच्या एका उत्तम स्थितीतील कार्डासाठी एका संग्राहकाने १९९१ मध्ये ५०,००० डॉलर मोजले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. एकतीस वर्षांत दोनशे बावन्न पट, म्हणजे चक्रवाढीने दरसाल सुमारे साडेएकोणीस टक्के. असा दर ऐकला की व्यापारी घरातील माणसाचे कान टवकारतात, यात नवल नाही. तेथेही तसेच झाले. पूर्वीची मुले १९७० नंतर नोकरी-धंद्यात स्थिरावली, हातात पैसा आला आणि ती आपली हरवलेली कार्डे परत विकत घेऊ लागली. भाव चढले. भाव चढलेले पाहून ज्यांना बेसबॉलशी कर्तव्य नव्हते तेही उतरले. १९८१ पासून आणखी कंपन्या बाजारात आल्या. आईवडील मुलांच्या उच्च शिक्षणाची तरतूद म्हणून नव्या कार्डांची खोकीच्या खोकी न उघडता साठवू लागले. गमचा डाग पडून कार्डाची किंमत घटते अशी तक्रार झाली, तेव्हा १९९० च्या दशकाच्या आरंभी टॉप्सने पाकिटातून गमच काढून टाकला. ज्याच्यासाठी सारा खटाटोप सुरू झाला होता, ते मूल या व्यवहारातून केव्हाच बाहेर पडले होते.

पुढे काय झाले ते सांगावयास नकोच. प्रत्येक जण जपून ठेवतो ती वस्तू दुर्मीळ होत नाही. कंपन्यांनी मागणीप्रमाणे वाटेल तितके छापले. १९८० च्या उत्तरार्धातील ती कार्डे आजही तळघरांत जशीच्या तशी, कोपरे न दुमडलेली, पडली आहेत आणि बहुतेकांना छापील किमतीइतकाही भाव येत नाही. तारणाची वस्तू स्वीकारताना तिचा पुरवठा कोणाच्या हातात आहे हे आधी पाहावे, हा साधा नियम त्या आईवडिलांना कोणी सांगितला नाही.

वॅग्नरच्या चित्राची कथा याहून खेदजनक आहे. त्याची जी प्रत सर्वांत निर्दोष मानली जाई, ती १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकली गेली. स्थितीची प्रतवारी ठरविणाऱ्या संस्थेने तिला दहापैकी आठ गुण दिले होते. शंभर वर्षांच्या पुठ्ठ्याचे कोपरे इतके धारदार राहिले कसे, अशी कुजबुज मात्र पूर्वीपासून होती. १९८० च्या दशकात ती प्रत ज्याच्या हातून गेली, त्या नामांकित व्यापाऱ्याने अखेर २०१३ मध्ये न्यायालयात कबुली दिली : विकण्यापूर्वी त्यानेच कडा कापल्या होत्या. लिलावातील इतर गैरव्यवहारांसाठी त्याला पुढे कारावास झाला. कोणा अनाम मुलाच्या हातात झिजलेला तो कोपरा पात्याने उडविण्यात आला आणि त्यामुळेच वस्तूची किंमत वाढली. आठवणीचा व्यापार करणाऱ्यांना आठवणीची खूणच नकोशी व्हावी, याचे आश्चर्य वाटते.

आता बर्डिक. १९०० साली न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील भागात जन्मलेला हा मनुष्य सिरॅक्यूज शहरातील एका कारखान्यात विजेच्या उपकरणांचे सुटे भाग जोडण्याचे काम करी. अविवाहित, भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याने बेसबॉलचा एकही सामना प्रत्यक्ष पाहिला नव्हता, असे सांगतात. त्याला ओढ होती ती छापील चित्रांची. खेळाडूंचीच नव्हे, तर पक्षी, फुले, जहाजे, शुभेच्छापत्रे, सिगारेटची पाकिटे, दुकानांची जाहिरातपत्रे, जे जे लोक पाहून फेकून देतात ते सर्व. हा कागद सामान्य माणसाच्या घरातला इतिहास आहे आणि तो नाहीसा होत आहे, हे त्याने इतरांच्या बऱ्याच आधी ओळखले. तुटपुंज्या पगारातून खरेदी, पत्रव्यवहाराने अदलाबदल, आणि १९३९ मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेली सूची. त्या सूचीत प्रत्येक मालिकेला अक्षर आणि क्रमांक दिला. तंबाखूला 'टी', जुन्या मिठाईला 'ई', अलीकडच्या गमला 'आर'. खतावणीची सवय असलेल्या कोणालाही तिची पाने पाहून समाधान वाटावे. वॅग्नरच्या दुर्मीळ चित्रापुढे त्याने किंमत लिहिली होती ५० डॉलर. इतर साध्या चित्रांपुढे काही सेंट.

तरुणपणापासूनच त्याला संधिवाताने ग्रासले होते. बोटे वाकडी होत चालली, मान वळेनाशी झाली. १९४७ च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाशी बोलणे केले. संग्रह देऊन टाकावयाचा होता, विकावयाचा नव्हता. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हायट मेयर यांनी एक अट घातली : वस्तू नीट लावून, अल्बममध्ये बसवून मिळाव्यात. ते काम बर्डिकवाचून कोण करणार? तो सिरॅक्यूजहून खेपा घालू लागला आणि अखेरीस न्यूयॉर्कलाच राहावयास आला. विभागाच्या कोपऱ्यातील एका टेबलापाशी बसून, आखडलेल्या बोटांनी एकेक चित्र उचलून तो डिंकाने पानावर चिकटवी. असे त्याने पंधराएक वर्षे केले. एकूण वस्तू तीन लाखांहून अधिक, त्यांपैकी बेसबॉलची कार्डे तीस हजारांवर. अल्बम जवळजवळ चारशे.

जैन विचारात परिग्रहाचे मूळ वस्तूत न पाहता तिच्यावरील आसक्तीत पाहिले जाते. तीन लाख वस्तू जमविणारा हा मनुष्य त्या मोजपट्टीवर कोठे बसतो, हे सांगणे सोपे नाही. त्याची आसक्ती मोठी होती, यात शंका नाही; त्यावाचून आयुष्यातील चाळीस वर्षे कोणी सिगारेटच्या कागदांवर खर्चीत नाही. पण ज्या हातांनी जमविले त्याच हातांनी, ते चालत असतानाच, त्याने सारे सोपवून दिले. आजचे संग्राहक त्याच्या त्या डिंकाचे नाव काढताच हळहळतात. चिकटवलेल्या कार्डाचा बाजारात भाव उतरतो. त्या अल्बमांत वॅग्नरचेही चित्र आहे. तशाच एका प्रतीला २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलर आले. संग्रहालयातील प्रतीचा भाव कधी निघणार नाही. कोणीही अभ्यासक परवानगी घेऊन ते पान उघडून पाहू शकतो.

बर्डिकला काळाशी शर्यत आहे हे ठाऊक होते. शेवटच्या दोन-तीन वर्षांत टेबलापर्यंत येणे हेच एक काम होऊन बसले होते, तरी तो येत राहिला. १० जानेवारी १९६३ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास शेवटचे चित्र पानावर बसले. त्याने कष्टाने अंगात कोट चढविला, आता आपण परत येणार नाही असे तेथील मंडळींना सांगितले आणि तो निघाला. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला. मार्च महिन्यात तेथेच त्याचे निधन झाले.